नंदाबाईच्या लग्नाचा पुरावा

मस्तगड, जालना
दि. ९ फेब्रुवारी १९७४

ती. मोठ्या मायला,
कौसल्याचा सविनय जयभीम.

इकडे सर्व ठीक आहे, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. किती ठीक, ते पुढे कळेलच.

मी तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहिते आहे, तेव्हा रीतीप्रमाणे ओळख द्यायला हवी. कालकथित कडूबा हिवाळे यांची, म्हणजे दादांची, मी मुलगी, राहणार केदारखेडा, सध्या जालन्यात मराठी शाळेत मास्तरीण. दादा वारले तेव्हा तुम्ही आष्टीहून आला होतात. ओसरीत भिंतीला टेकून बसलात, आणि जाताना मला जवळ बोलावून विचारलंत, "शिकून राह्यली का?" मी हो म्हटलं. "शीक," म्हणालात आणि गेलात. आपलं बोलणं झालं ते तेवढंच.

"मोठी माय" लिहावं की नाही, यात दोन कागद फुकट गेले. मग म्हटलं, वडिलांची पहिली बायको ती मोठी माय, यात विचारायचं काय? राग आला तर बद्रीनाथवर काढा. तो समोर बसून हे वाचतच असेल.

बद्रीनाथ, तुझ्या आत्याला सगळं जसंच्या तसं वाचून दाखव. एक जरी ओळ गाळलीस तरी पुढच्या वेळी कापड घ्यायला जालन्यात येशील तेव्हा मस्तगडात तुला चहा मिळणार नाही.

यंदा ज्वारी बरी आली. दुष्काळाची दोन वर्षं सरली हेच खूप. माझी शाळा चालू आहे. माय केदारखेड्यातच असते, मी रविवारी जाऊन येते. तिने शेवया केल्यात, बद्रीनाथबरोबर डबा पाठवते. तुम्ही तो डबा दर वर्षी घासूनपुसून रिकामा परत पाठवता. आपल्यात रिकामा डबा परत करत नाहीत, म्हणून मला पूर्वी फार राग यायचा. माय म्हणते, "घासला का न्हाई? मंग राग न्हाई तिचा." तिच्यापुढे कोण बोलणार?

आता कामाचं लिहिते. मायचा, म्हणजे नंदाबाई कडूबा हिवाळे या नावाचा, अर्ज परत आला. भारताची नागरिक करून घ्या, असा अर्ज होता. तुम्ही म्हणाल, अठ्ठावीस वर्षं केदारखेड्यात भाकरी थापणारी बाई आणखी कुठली असणार? आम्हालाही तसंच वाटायचं. पण मागच्या वर्षी गावठाणातल्या जागेवरून कुणाशी तरी वाजलं, आणि कुणीतरी निनावी अर्ज ठोकून दिला की ही बाई ब्रह्मदेशातली आहे, हिच्याकडे एकही कागद नाही. चौकशी आली. कागद खरोखरच नव्हता.

अर्ज मीच भरला, मिरवते ना शिकलेली म्हणून. त्यात विचारलं होतं, विवाह कुठे, केव्हा आणि कोणत्या विधीने झाला. मायने सांगितलं तसं मी लिहिलं. लढाई संपता संपता दादांची पलटण तिच्या गावापाशी होती. दादा हिवतापाने पडले आणि तिच्या घरच्यांनी त्यांना ठेवून घेतलं. बरे झाल्यावर दोघं शेजाऱ्यापाजाऱ्यांसमोर एका वाडग्यातून भात जेवली. झालं लग्न. त्यांच्यात भटजी नाही, अक्षता नाहीत. दोघं उघडपणे एकत्र राहिली-जेवली आणि गावाने पाहिलं, की ती नवराबायको. मला यात लपवण्यासारखं काही दिसलं नाही. एका ताटात बसवून घ्यायला आपल्या माणसांनी काय काय सोसलं, ते तुम्हाला मी नको सांगायला.

औरंगाबादच्या कचेरीतला कारकून तसा वाईट नव्हता. अर्ज हातात देत म्हणाला, "बाई, एका वाडग्यात जेवल्यानं लग्न होतं व्हय? आम्ही हितं रोज एका बशीत चहा पितो." वर लाल शाईने लिहिलं आहे, अपूर्ण, विवाहाचा पुरावा जोडलेला नाही. मला हसूही आलं आणि त्याच्या टेबलावरची दौत उपडी करावीशीही वाटली. मी दोन्ही केलं नाही. त्याने सांगितलं, नवऱ्याच्या घरातलं, तेव्हा हजर असलेलं कुणी तहसीलदारासमोर शपथेवर सांगेल तरी चालेल. जालन्याच्या तहसिलात ते होतं.

मी घरी येऊन मायला विचारलं, इकडे आल्यावर तरी काही झालं होतं का? ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "झाल्तं की. तुझ्या मोठ्या मायनं लावलं आमचं लगीन."

मला वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. पण तिने सगळं सांगितलं. दादांबरोबर ती दुपारची केदारखेड्यात आली. भावकी गोळा झाली. तिला एक शब्द कळत नव्हता. तुम्ही आत गेलात आणि एकच ताट वाढून दोघांच्या मधे ठेवलंत, भाकर आणि आंबाडीची भाजी. "मला वाटलं व्हतं, मारतील मला," माय म्हणाली. "तिनं तर आपल्या हातानं एक ताट वाढलं. आमच्यातली रीत तिला न सांगता समजली. असं कोण करतंय?" दुसऱ्या दिवशी तुम्ही माहेरी निघून गेलात. घर आपल्याला देऊन गेली, असंच माय आजवर धरून चालली आहे.

तुमच्याकडून एवढंच हवं आहे. जालन्याला यायचं आणि तहसीलदाराला सांगायचं, की मी यांना एका ताटात वाढलं, माझ्या देखत ही बायको झाली. तेव्हाची भावकीतली जाणती माणसं आता राहिलेली नाहीत. तुम्हीच आहात.

एवढंच, असं मी लिहिलं खरं. पण ते एवढंसं नाही हे मला समजतं. आष्टीत तुम्ही अठ्ठावीस वर्षं सांगत आलात की कडूबाने लढाईवरून एक पाहुणी आणली. (बद्रीनाथ, माफ कर, लिहावं लागलं.) मी म्हणते तसं केलंत तर ती पाहुणी तुमच्याच तोंडून बायको होईल, आणि पुढच्या बाजाराच्या दिवशी सगळ्या आष्टीला कळेल. एवढी वर्षं जी गोष्ट तुम्ही तोंडावर येऊ दिली नाही, ती मी तुम्हाला सरकारी माणसासमोर बोलायला लावते आहे. तेही कुणासाठी, तर तिच्यासाठी.

इथेच थांबणार होते. पण जे लिहायचं टाळत होते ते अजून तसंच आहे.

अर्जासोबत आलेल्या कागदावर खाली एक ओळ आहे, की मार्चअखेर पुरावा न आल्यास पुढील कारवाई होईल. मायने विचारलं, "कारवाई म्हंजी काय?" मी म्हटलं, दुसरा अर्ज. मागच्या रविवारी गेले तर चुलीपुढे एकटीच पुटपुटत होती. विचारलं तर हसली. म्हणाली, तिकडची बोली आठवून पाहते आहे, लागली तर असावी. पाण्याला काय म्हणतात ते आठवलं, भाताला आठवलं. मिठाला काय म्हणतात ते काही केल्या आठवेना. तिकडे तिचं कुणी जिवंत आहे का, तेही आम्हाला माहीत नाही. भावाची पत्रं बंद होऊन वीस वर्षं झाली. मोठी माय, मला फार भीती वाटते हो. तिला पुरतं माहीत आहे कारवाई म्हणजे काय ते, आणि मला वाईट वाटू नये म्हणून ती मला पुन्हा विचारत नाही.

आणि माय लग्नाची नाही असं ठरलं तर मी कोण, हे अजून मला कुणी विचारलेलं नाही. विचारलं तर काय सांगायचं, ते मला येत नाही.

तुम्ही आला नाहीत तरी मी दोष देणार नाही, असं लिहिणार होते. पण देईन. खोटं कशाला लिहू? या.

तुमची म्हणावं की नाही, ते तुम्हीच ठरवा.
कौसल्या


आष्टी, ता. परतूर
दि. १७ फेब्रुवारी १९७४

कौसल्याताईस बद्रीनाथचा जयभीम. आत्या सांगते आणि मी लिहितो. मी बोलते तसंच लिही, मधी तुझं शहाणपण घालू नको, असा दम मिळाला आहे. त्यामुळे पुढचं सगळं तिचं.

कौसल्या, तुझं पत्र पोचलं. ह्यानं दोनदा वाचून दाखविलं. पाहुणीच्या ओळीवर ह्याची जीभ अडकली, तव्हाच वळखलं का चोंबडेपणा ह्याचाच. त्याला जे बोलायचं ते बोलले.

पह्यलं त्या ताटाचं सांगते. तुझी माय येडी हाय. घरात ताटं व्हती तीन. म्या एकच वाढलं ते रागानं वाढलं. पाच वर्सं त्या माणसाची वाट पाहून राह्यल्ते. लोक म्हणायचे, गेला तो लढाईत, न्हाई येत आता. अन् आला तर संगं ही. म्या म्हणलं, एवढं ऊतू चाललंय तर खा एकाच ताटात, समद्या भावकीच्या म्होरं. बाईला लाज वाटंल अन् उठंल. तर ती हसली, अन् उठून माझ्या पायाच पडली! मला वाटलं, चेष्टा करून राह्यली. मला काय सपान पडल्तं का त्यांच्यात तसं लगीन लागतं म्हणून? ठावं असतं तर धा ताटांत वाढलं असतं.

तवा ते ताट पुराव्याला धरू नको. रागाचं ताट मायेचं व्हतं म्हणून म्या शपथ घ्यायची न्हाई. म्या आजवर खोटं बोलले न्हाई, अन् तुझ्या मायसाठी बी बोलायची न्हाई.

एवढं सांगून म्या ह्याला म्हणलं, बस, टाक पेटीत. ह्यानं टाकलं न्हाई. म्हणला, आत्या, दोन रोज जाऊ दे. शिवणकामापेक्षा जास्ती अक्कल निघाली गड्याला.

दोन रोज माझ्या डोक्यातून ते मिठाचं जाईना. कालवणात मीठ टाकाया गेले का हात थांबायचा. तिला तिकडं धाडली तर ती मीठ बी मागू शकायची न्हाई कुणाला. अन् केदारखेड्यात कोणच्या घरातून मीठ आणावं, कोणच्या घरातून इस्तू, ते तिला बराबर ठावं. शेवया चांगल्या असत्यात तिच्या. हे तिला सांगू नको. न्हाई, सांग.

मंग इचार केला. साहेबाला पुरावा पाह्यजे ना? त्याला म्हणावं, ही बसली तुझ्यापुढं. म्या कडूबाची लग्नाची बायको. घर माझं, चूल माझी. कडूबानं नुसती बाई आणली असती तर म्या कशापायी उठले असते? झाडू घेऊन तिलाच शिवंपातुर हाकलली असती, अन् भावकीनं मला बरंच म्हणलं असतं. ठेवलेल्या बाईपायी कोणी आपलं घर सोडतं का? पण जेवताना त्यानं भाकर मोडली अन् आधी तिच्याकडं सारली. लगीन झाल्यापासून मला एकडाव तसं केलं न्हवतं. तव्हाच मला समजलं, ही बायको हाय. म्हणून म्या गेले. अठ्ठावीस वर्सं भावाच्या घरी राह्यले ती काय पाहुणीपायी? त्यांचं लगीन न्हवतं तर म्या इतकी वर्सं हितं काय करून राह्यले, ते साहेबानंच मला सांगावं.

हे म्या शपथेवर सांगीन. हे खरं हाय. आष्टीला कळलं तर कळू दे, त्यांना दोन दिस बोलाया व्हईल.

येत्या गुरुवारी बद्रीनाथसंगं परतूरहून गाडीनं येते. तू तहसिलात ये. नंदाला आणू नको. ती माझ्या पाया पडंल, मंग मला रडू येईल, अन् साहेबाला वाटंल बाई पढवून आणली. तिला घरीच बसव. काम झाल्यावर म्या केदारखेड्याला येते. अन् तू कोण, असं कोणी इचारलं तर त्याला माझ्याकडं धाडून दे.

बद्रीनाथ इचारतो, खाली काय लिहू. आजवर समद्या कागदावर कडूबा हिवाळ्याची बायको म्हणून अंगठा केला. ह्या बारीला एक शब्द वाढीव घाल, म्हणलं.

चांगुणाबाई,
कडूबा हिवाळे याची पहिली बायको