तुझ्या गावची बस

प्रिय चिमणे,

फोनवर सांगायला गेले असते तर "आई, अगं!" करून तू मला मध्येच गप्प केलं असतंस, म्हणून लिहिते आहे. रविवारी तू म्हणालीस, बाळंतपणाला यायचा विचार सोड, मी एखादी बाई ठेवीन. बाबा दोन महिने साइटवर, जावईबापूंना सुट्टी नाही, तुला आणणार कोण? मी "बरं" म्हटलं, आणि मग दोन दिवस स्वतःवरच चिडून राहिले. आठ वर्षं या देशात काढली, पण सगळी बाबांच्या गाडीत, त्यांच्या शेजारी बसून.

गुरुवारी सकाळी डबा, छत्री आणि बसचे नंबर लिहिलेला कागद घेऊन निघाले. कोपऱ्यावरच्या थांब्यावर पहिली बस समोरून निघून गेली. दुसरीही. मी मनातल्या मनात ड्रायव्हरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मग सामानाची ट्रॉली ओढत एक आजी आल्या, त्यांनी हात केला आणि बस थांबली! इथे हात केल्याशिवाय बस थांबतच नाही, आणि मी आपली सभ्यपणे हाताची घडी घालून उभी. आजी म्हणाल्या, "बाई, तो ड्रायव्हर आहे, ज्योतिषी नाही." त्यांची भाषा मला पहिल्या झटक्यात समजली, याचाच केवढा आनंद!

लांब पल्ल्याच्या बसमध्ये मात्र धीर सुटला. मध्ये एका ठिकाणी बस थांबली, तेव्हा किती वेळ थांबणार हे मी ड्रायव्हरला तीनदा विचारलं. तो बोटं दाखवून म्हणाला, "पंधरा मिनिटं. तुम्हाला सोडून गेलो तर माझी बायको मला घरात घेणार नाही." तरीही, खरं तेच लिहिते, पंधराच्या पंधरा मिनिटं मी बसच्या दाराला चिकटून उभी होते. तुझ्या गावात शिरल्यावर तिसऱ्या बसमध्ये एक थांबा आधीच बेल दाबली. चुकून दाबली म्हणायची लाज वाटली, म्हणून गुपचूप उतरले आणि चालत आले.

हो, आले. तुझ्या इमारतीसमोर वीस मिनिटं उभी होते. तू गॅलरीत मोजे वाळत घातलेस, कमरेवर हात ठेवून जरा मागे वाकलीस, आत गेलीस. बेल वाजवायला हात शिवशिवत होते. नाही वाजवली, हे चुकलं का? अजून ठरवता येत नाही. पण वाजवली असती तर कामावरून आल्यावर जावईबापूंनी गाडी काढून मला घरी पोचवलं असतं, आणि मला परतही एकटीनेच यायचं होतं. आले. संध्याकाळी सातला कुलूप उघडून आत शिरले आणि रिकाम्या घरात मोठमोठ्याने हसत सुटले.

तेव्हा बाई ठेवायची असेल तर भांड्यांना ठेव. पंधरा तारखेला दुपारी साडेबाराला मी तुझ्या दाराशी असेन, आणि या खेपेला बेल वाजवणार आहे. स्टँडवर कुणी घ्यायला यायचं नाही.

तुझीच,
आई