नमुना क्रमांक सतरा

३ फेब्रुवारी
आलो एकदाचे! कंपनीनं दिलेलं घर बंद पडलेल्या रंगाच्या कारखान्यामागे, चढावर आहे. दोन खोल्या आणि मागे फरशीचं अंगण. धाकट्या बहिणीला सातवा महिना लागलाय, नवरा जहाजावर, म्हणून तिला उचलूनच आणलं. आल्या आल्या तिनं खिडकीजवळचा पलंग बळकावला. पोटातल्याला उजेड लागतो म्हणे!

माझं काम तसं सोपं. कारखान्याचं मुरलेलं विष जमिनीखाली कुठवर पसरलंय ते शोधायचं. बोअर पाडायचा, माती-पाण्याचा नमुना काढायचा, घाण निघाली की आणखी बाहेर सरकून पुढचा बोअर. स्वच्छ नमुना लागला की तिथं हद्द संपली आणि आपण सुटलो.

५ फेब्रुवारी
मशीन चालवणारे मामा (सगळेच त्यांना मामा म्हणतात) तीस वर्षं जमिनीला भोकं पाडताहेत. मी फार शिकलेली म्हणून टोमणे मारतात आणि स्वतःच्या डब्यातलं अर्धं मला वाढतात. आज सहा बोअर झाले. नळीतून निघालेली माती उभी चिरायची आणि तिच्यावर मीटर धरायचं. विषारी वाफ असेल तर आकडा चढतो. चौथ्यापर्यंत काळी, गोडसर वासाची माती. पाचवा, सहावा शून्य. मी खूश.

८ फेब्रुवारी
पाचव्या-सहाव्यातून पुन्हा नमुने काढले तर दोन्ही घाण. मी बाटल्यांची अदलाबदल केली असणार, असं मामांचं म्हणणं. मला राग आला, कारण मलाही तेच वाटत होतं. घराच्या बाजूला सरकून आणखी चार पाडले. स्वच्छ.

११ फेब्रुवारी
तेही चारही घाण. जमिनीखालचं पाणी वर्षाला जेमतेम काही पावलं सरकतं. हे तीन दिवसांत साठ पावलं आलं, तेही चढावर. पाणी चढ चढताना जन्मात पाहिलं नाही, असं मामा म्हणाले. या वेळी टोमणा नव्हता. आणखी पुढे चार घेतले.

१३ फेब्रुवारी
धाकटी धास्तावलीय. आपल्या घराखाली तर नाही ना, हेच सारखं विचारते. तिची खात्री पटावी म्हणून फरशी उचकटून तिच्या खिडकीखालीच पंधरावा घेतला. मीटर तिच्याच हातात दिलं. शून्य पाहून ती हसली. माझाही जीव भांड्यात पडला.

१४ फेब्रुवारी
अंगणात तोच वास.

नवा नमुना न काढता सगळ्या बोअरच्या तोंडाशी मीटर धरून पाहिलं. पहिल्यापासून चौदाव्यापर्यंत एकूण एक शून्य. म्हणजे ते पसरत नाहीये. सगळंच्या सगळं सरकतंय, जिथं शेवटचा नमुना काढला तिथं. आम्ही हद्द शोधत नव्हतो, त्याला हाताला धरून घरी आणत होतो. मी आणलं. माझ्याच बहिणीच्या खिडकीखाली.

तिला इथून हलवावं तर तिला सकाळपासून चक्कर. डॉक्टरांनी पलंगावरून उठायलाही बंदी केलीय.

१५ फेब्रुवारी
बोअर चिकणमाती नि सिमेंटनं बुजवला. तासाभरात सिमेंट काळं पडलं. मामांना घेऊन पलीकडच्या टेकडीवर सोळावा पाडला, नमुना काढला. मामांनी एकदाही का म्हणून विचारलं नाही.

१६ फेब्रुवारी, सकाळ
अंगण शून्य! टेकडी घाण. गेलं! धाकटीचा मुका घेतला तर ती म्हणाली, वेड लागलं का तुला. मामा टेकडीवर राखण करताहेत. आता कुणी कुठंही भोक पाडायचं नाही.

१६ फेब्रुवारी, दुपार
मामांचा फोन. टेकडी स्वच्छ. कुणी काही पाडलं नाही, शपथेवर सांगत होते. अंगणही शून्य. मग गेलं कुठं —

धाकटीला उठवून विचारलं. कुणी आलं नव्हतं म्हणाली. मी ऑफिसात होते तेव्हा दवाखान्यातली नर्स तेवढी येऊन गेली. तपासायला रक्त नेलं.

सुई. नमुना.

चार वाजता
धाकटीच्या दंडावर, सुई टोचली तिथं, काळा डाग. गोडसर वास. मीटर धरलं — चाळीस. पोटाशी अजून शून्य. अजून.

सव्वाचार
दुसरा उपाय नाही. नमुन्यांच्या पेटीतली सुई माझ्या डाव्या तळहातात खुपसली. थेंब बाटलीत, झाकण, वर चिठ्ठी — सतरा. रीतसर घ्यायला हवा, नाहीतर —

तिचा दंड. अठ्ठावीस.

नऊ.

शून्य. शून्य! मी ढसाढसा रडले.

न्हाणीघरात आहे, कडी लावून. मनगट काळं. दुखत नाही, नुसतं गार. कोपरापर्यंत आलं. ती हाका मारतेय — बाळानं लाथ मारली, ताई, हात लावून बघ म्हणते — नको. माझा हात नको.

डावा हात गेला. उजव्यानं लिहितेय. मामा, हे वाचाल तर — दवाखान्यात नेऊ देऊ नका. कुणी सुई लावायची नाही. मी मेल्यावरसुद्धा तपासणीला माझ्यातून काहीही काढू —