शांताकाकूंच्या घरचे एकशे ऐंशी व्होल्ट

प्रिय अप्पा,

दुकानाच्या फळ्या अर्ध्या लावून तुमच्याच टेबलाशी लिहायला बसलेय. बसलेय कसली, दर दोन ओळींनी उठतेय! संध्याकाळी शांताकाकूंच्या खानावळीतून परत आले, तेव्हापासून जिवाला स्वस्थता नाही. जे कळलं ते आधी तुम्हालाच सांगायचं होतं, आणि तुम्हीच नाही. मग कुणाला सांगू?

त्यांची शेगडी आठवते ना? कशी विसराल! रॉकेल मिळेना म्हणून काकूंनी विजेची शेगडी मागितली आणि तुम्ही हजार वॅटची कॉईल स्वतः बसवून दिलीत. दुकानात लालभडक व्हायची, काकूंकडे नेली की नुसती तांबूस. आमटीला उकळी म्हणून फुटायची नाही. तुम्ही ती परत आणलीत, सांधे आवळलेत, पुन्हा नेलीत. इथं ठणठणीत, तिथं आजारी!

शेवटी काकू दुकानात येऊन चारचौघांत म्हणाल्या, "अप्पा, तुमचा हात थरथरतोय की आता. ऱ्हाऊ द्या, दुसरीकडं दाखवते." त्या गेल्यावर मला म्हणालात, "गिरिजा, माझा हात गेला बघ. सांधा आवळला असं वाटतंय, पर आवळला जात न्हाय." त्या दिवशी पक्कड टेबलावर ठेवलीत ती परत उचललीच नाहीत. अव्वानं बायकोच्या हक्कानं किती विनवलं! काम नका करू, निदान दुकानात बसायला तरी जा, म्हणाली. तुमचं आपलं एकच, "साकु, साकु." पुरे झालं! असं कसं पुरे झालं, अप्पा? अर्ध्या सोलापूरचे पंखे आणि रेडिओ तुमच्या हाताखालून गेले, आणि एका शेगडीनं तुमचं पुरे झालं? मला तेव्हाही राग आला होता. अजून आहे.

आज काकू तीच शेगडी घेऊन पुन्हा आल्या. दुसरीकडे दाखवूनही तीच गत. तुमच्यामागं दुकान आता बसूदादा बघतो. तो म्हणाला, "कॉईलचा तिसरा हिस्सा कापून टाकतो काकू, लई तापंल बगा. शेवटी शेवटी अप्पांच्या हातात जोर न्हवता, त्याला काय करणार?"

माझं डोकंच फिरलं. "शेगडीला हात लावायचा नाही! आधी मला मोजू दे," म्हटलं. कॉलेजात प्रॅक्टिकलला आम्ही व्होल्ट आणि अँपिअर वाचून रोध काढतो, तेच करायचं होतं. भिंतीवरचे तुमचे दोन्ही मीटर उतरवून पिशवीत घातले आणि दादाला बरोबर घेऊन काकूंचं घर गाठलं.

अँपिअरचा मीटर वायरीच्या मधे जोडला, व्होल्टचा कॉईलच्या दोन टोकांना. काकूंच्या मागच्या बोळात शेगडीच्याच सुमारास विजेवरचे नवे माग बसलेत, त्यांचा खडखडाट चालू होता. आणि व्होल्टचा काटा एकशे ऐंशीवर येऊन थांबला! काचेवर टिचकी मारली, तरी तिथंच. दोनशे तीस हवेत, अप्पा, आणि काकूंना मिळतात एकशे ऐंशी! अँपिअर होते तीन पूर्णांक चार.

तिथंच ओट्याला टेकून हिशेब केला. एकशे ऐंशीला तीन पूर्णांक चारनं भागलं, तर रोध आला जवळजवळ त्रेपन्न ओहम. दोनशे तीस व्होल्टवर हजार वॅट हवे असतील तर कॉईलचा रोध किती लागतो? त्रेपन्नच! विश्वास बसेना म्हणून परत भागून बघितलं. मग व्होल्टला अँपिअरनं गुणलं, तर सहाशे बारा वॅट. हजारातले सहाशेच पोचत होते. आमटी उकळणार कशी?

कॉईल बरोबर होती. सांधे घट्ट होते. तुमची काहीही चूक नव्हती, अप्पा!

काकू काट्याकडे बघत राहिल्या. "म्हंजे वीजच कमी येतीया व्हय? मग मी त्यांना उगंच बोलले की गं," म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावला.

दादा मात्र अडून बसला. "मग कापू की तेवढी. तुज्याच हिशेबानं हजाराच्या जवळ जाईल." जाईल की! पण माग बंद असतील त्या दिवशी व्होल्ट चढले, की हीच शेगडी दीड हजार वॅट ओढेल आणि काकूंच्या भिंतीतली जुनी वायर जळेल. हे सांगितलं तेव्हा कुठं त्याला पटलं. माग चालू असताना आमटी कोळशावर ठेवा, असं काकूंना बजावून आलेय. नाराज झाल्या. होऊ देत.

पण एक विचारू? रागावू नका. शेगडी जिथं रडत होती तिथंच मीटर घेऊन का नाही गेलात? "शेगडीला कसला मीटर, तिचा रंग बघायचा," असं म्हणायचात. स्वतःच्या हातावर संशय घेतलात, विजेवर नाही घेतलात! किती वेळ लागला असता हो? चहा गार व्हायच्या आत समजलं असतं.

अव्वाला अजून सांगितलेलं नाही. ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते, "हात गेला, त्याचीच हाय खाल्ली आन् गेले." आता तिला कसं सांगू, की हाय खाण्यासारखं काही नव्हतंच? खाटेवर बसून बोटं उलटसुलट करून बघत तुम्ही ते दिवस काढलेत, ते सगळं उगाच होतं? त्यापेक्षा न सांगितलेलं बरं, असंही मघाशी मनात आलं. उठले, दारापर्यंत गेले, परत येऊन बसले.

नाही, सांगणार. आता फळ्या लावते, घरी जाते आणि ताट वाढायच्या आधीच सांगते. आकडे तिला कळायचे नाहीत. ती रडेल, कदाचित माझ्यावरच चिडेल. पण तुमचा हात थरथरला असेल, चुकला नव्हता, हे आज तिला माझ्या तोंडून कळेल. शब्द देते, अप्पा.

तुमची लेक,
गिरिजा