थावराचा आयतवार

१८ फेब्रुवारी १९३६, मंगळवार

थावरा पडला! भर मेळ्यात, मांडवाच्या मधोमध, सगळ्यांच्या देखत. माझा भाऊ!

आला होता नुसता गाडी हाकायला. मला वाशीमच्या ख्रिस्ती मेळ्याला पोचवायचं, बैलांना कडबा टाकायचा आणि आमराईत झोपा काढायच्या, एवढंच त्याचं काम. इतके दिवस आमची गाणी ऐकून तोंडाला पटका लावून हसत होता. आज सकाळच्या उपदेशाला मागे खांबाला टेकून उभा होता, आणि एकाएकी आडवा. रडला. घामाने निथळला. हात जोडले ते सुटेनात. उठून बसला तेव्हा म्हणाला, "बाई, उजेड. नुस्ता उजेड. अन् त्यात माझं नाव घेऊन राहिलं होतं कोनी तरी."

बाई म्हणजे आमच्यात थोरली बहीण. घरात आम्ही गोरमाटी, म्हणजे बंजाऱ्यांची बोलीच बोलतो, पण लिहायला मला बोर्डिंगातली मराठीच येते.

बोर्डिंगातल्या जुन्या मैत्रिणी एकेक करून येत होत्या. "रूपाबाई, हा तुझा भाऊ?" हो, माझा! तांड्यावरचा, अक्षरशत्रू, दारू पिणारा. आणि देवाने हाक मारली ती त्याला. तुमच्या इस्तरीच्या सदऱ्यातल्या पोरांना नाही मारली. दिवसभर मान ताठ ठेवून हिंडले, आता दुखते आहे.

एक लिहूनच टाकते. मला असं कधी झालं नाही. तापाच्या मोठ्या साथीत आईबाप गेले, थावरा काकाकडे राहिला, मला मिशनच्या बोर्डिंगात घातलं. तेव्हापासून गुडघे टेकते आहे. नवरा गेला आणि भावाकडे तांड्यावर आले, तेव्हाही टेकले. गुडघ्याला मुंग्या आल्या, बाकी काही आलं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार

तांड्यावर परत. माझ्या रविवारच्या प्रार्थनेला एरवी येतं कोण? भावजय भिकाबाई, दोन म्हाताऱ्या आणि एक शेळी. आज अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. थावराने सगळं सांगितलं, उजेड, हाक, रडणं. सांगताना पुन्हा थरथरला. बायांनी पदर तोंडाला लावले. दोन वर्षं मी ह्याच अंगणात शुभवर्तमान वाचते आहे, कोणी जांभई आवरली नाही कधी!

१ मार्च, रविवार

तांड्याने भलताच अर्थ लावला.

आमचा नायक शंकरसिंग, म्हणजे तांड्याचा मुख्य. त्याची गाय हरवली होती. प्रार्थना संपते न संपते तोच तो नारळ आणि लिंबू घेऊन आला आणि थावरासमोर ठेवून बसला. "इचार तुझ्या येशूला, गाय कुठं हाय?"

थावराच्या अंगात येशू येतो — असं ते समजले! आणि दुसरं काय समजणार? इथे देव माणसाच्या अंगात येतो, विचारलं की सांगतो, सांगितलं की नारळ घेतो. वसराम भगताच्या अंगात दर मंगळवारी देवी येते, लहानपणापासून बघते आहे. तो मंगळवारचा, तर हा आयतवारचा.

मी तोंड उघडणार तेवढ्यात थावरा थरथरायला लागला. डोळे मिटलेले. म्हणाला, "कयाधूच्या काठाला." गडी धावले, आणि गाय सापडली. ह्या उन्हात तहानलेली गाय नदीवर जाणार नाही तर काय सेनगावच्या बाजाराला जाईल? पण तांडा ऐकेल तर ना.

आता बाया मला वाट देतात. "थावराची बहीण" म्हणतात. गोड वाटतं, खोटं कशाला बोलू.

१० मार्च, मंगळवार

वसराम स्वतः आला. वाटलं, भांडायला. कसलं काय! मांडी घालून बसला आणि एका कारागिराने दुसऱ्याला विचारावं तसं विचारू लागला. "तुझ्या देवाला काय लागतं? लिंबू चालतं का? कोंबडं?"

थावरा म्हणाला, "काई लागत न्हाई."

वसरामला काळजी पडली. "मग उतरवायला तकलीफ व्हईल, पोरा. ज्याला काईच लागत न्हाई त्यो जाईल कशानं?" जाताना एक सल्लाही देऊन गेला, कमरेला फडकं घट्ट बांधायचं, घुमताना धोतर सुटतं म्हणे.

भिकाबाई आत जाऊन पोट धरून हसली. मीही.

१९ एप्रिल, रविवार

पाळक हरिचंद वाशीमहून सायकलीने आले. मीच निरोप धाडला होता, थावराचा बाप्तिस्मा लवकर उरका म्हणून. त्यांनी नारळ बघितले, लिंबं बघितली, थावराला थरथरताना बघितलं. जेवून झाल्यावर म्हणाले, "एक वर्ष."

वर्ष! दहा आज्ञा, प्रभूची प्रार्थना, दारू बंद, नारळ बंद, रोज सकाळी प्रार्थनेला बसायचं — आणि मग बघू.

माझं डोकं फिरलं. "देवाने हाक मारली आणि तुम्ही दार लावता? आम्ही तांड्यावरचे म्हणून?"

"माझ्या सख्ख्या भावालाही थांबवलं होतं, रूपाबाई. मेळ्यात पडलेले मी पुष्कळ पाहिले. उठून चालणारे थोडे."

थावरा तर तडकलाच. "देवानं मला उजेड दावला, अन् ह्ये मला पाढे शिकवून राहिले!"

मी त्याचीच बाजू घेतली. हरिचंदांना ताक दिलं, पण दुसऱ्यांदा विचारलं नाही.

१४ जून, रविवार

आज थावरा बराच वेळ डोळे मिटून बसला. काही झालं नाही. लोक वाट बघून गेले. मला हळूच म्हणाला, "बाई, येत न्हाई. मेळ्याच्या दिसाचं आठवून बघतो, उपास करून बघतो. घागर पालथी केल्यावानी."

म्हटलं, येईल.

२८ जून, रविवार

आलं. म्हणजे, त्याने आणलं.

जोरात घुमला, मेळ्यापेक्षाही जोरात. बाया हात जोडून बसल्या. आणि मधेच त्याचा एक डोळा उघडला. बैल सुटून बियाण्याच्या पोत्याला तोंड लावत होता! बैलाकडे बघितलं, डोळा मिटला, पुन्हा घुमला. कोणाच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. लहानपणी मी सुट्टीला घरी यायचे तेव्हा बघितलेलं, काकाच्या भीतीने पोट दुखल्याचं सोंग करायचा, तेव्हा असाच एक डोळा उघडायचा.

सगळे गेल्यावर समोर बसवलं. "थावरा, आज काय होतं?"

खाली बघत म्हणाला, "लोक उन्हातान्हात येऊन बसून राहिलेत, बाई. नायकाची सून तापलेलं लेकरू घेऊन आली. काई न्हाई म्हनून कसं सांगू?"

"लेकराला ताप आहे तर कोयनेल द्यायचं. माझ्याकडे आहे."

"कोयनेलसाठी न्हाई आली ती. माझ्यासाठी आली."

"मग तुझ्यात आणि वसराममध्ये फरक काय राहिला?"

"वसरामला येतं तरी," तो म्हणाला.

हा येशूच्या नावाचा भगत होऊन बसला तर दारू सुटायची नाही, बाप्तिस्मा व्हायचा नाही, आणि खोटं बोलता बोलता एक दिवस उजेड दिसला होता हेसुद्धा त्याला खोटं वाटेल. मग माझा भाऊ माझ्या हातचा गेला. त्याला म्हटलं, पुढच्या रविवारी उठून सांग. तो उठून गेला. जेवला नाही.

कोयनेल मी स्वतः नायकाच्या घरी नेऊन दिलं.

५ जुलै, रविवार

सांगितलं त्याने!

अंगण भरलं होतं. पेरण्या आटोपल्या, माणसं मोकळी. थावरा उभा राहिला, कमरेचं फडकं सोडून खांद्यावर टाकलं, आणि म्हणाला, "आज काई येत न्हाई. मागल्या आयतवारी बी आलं न्हवतं, मी उगंच हाललो. मेळ्यात आलं त्ये खरं हाय. पर त्ये मी बोलावून येत न्हाई. मी नुस्ती प्रार्थना करनार. बसायचं त्यानं बसा."

शंकरसिंग नायक म्हणाला, "अन् माझी गाय?"

"गाय तहानेली व्हती, नायक."

कोणीतरी फिसकन हसलं. मग एकेकाने आपला नारळ उचलला. राग नाही, शिव्या नाहीत. दुकान बंद दिसल्यावर माणूस परत फिरतो तसे फिरले. उरलो आम्ही तिघं, म्हाताऱ्यासुद्धा गेल्या.

मला आयुष्यात इतका अभिमान वाटला नव्हता. मेळ्यात पडला तेव्हाही नाही! पडायला काय, देवाने पाडलं. आज हा आपल्या पायावर उभा राहिला, आणि अख्ख्या तांड्यासमोर स्वतःची लाज स्वतःच्या तोंडाने सांगितली. माझ्या आईचा लेक आहे.

तो मात्र रडत होता. "देव गेला, बाई."

म्हटलं, "माझ्याकडे तर तसा कधी आलाच नाही. तरी बसते."

"काहून बसते मग?"

म्हटलं, "सकाळ होते म्हणून."

१२ जुलै, रविवार

तीन माणसं. शेळीसुद्धा आली नाही.

९ ऑगस्ट, रविवार

दहा आज्ञांची गाडी शब्बाथावर, म्हणजे रविवारी काम न करण्यावर, अडली आहे. "तन काय आयतवार पाळतं का? आज निंदलं न्हाई तर उद्या कापूस दिसनार न्हाई." वाद घालायला पक्का, पाठ करायला कच्चा. प्रभूची प्रार्थना अर्ध्यापर्यंत येते, मग भिकाबाई आणि मी हातवारे करून उरलेली त्याच्यासाठी ओढून काढतो, विहिरीत पडलेला पोहरा काढावा तशी.

पण सकाळी उठून बसतो. मी हाक मारत नाही. मुद्दाम मारत नाही. तांबडं फुटताना त्याचं खाकरणं ऐकू येतं, मग बसायचं पोतं झटकल्याचा आवाज. नुसता बसतो आणि उठून शेतात जातो.

विचारलं, काही वाटतं का? म्हणाला, "पाय दुखतात." मग पोतं गुंडाळता गुंडाळता, "पर न बसता गेलो तर दिसभर काई तरी राहून गेल्यावानी वाटतं."

१५ नोव्हेंबर, रविवार

ज्वारी वेचता वेचता भिकाबाई आपण होऊन बोलली. ती बोलणारी नाही, म्हणून जसंच्या तसं लिहिते.

"बाई, त्याच्या अंगात यायचं तवा मला भ्या वाटायचं. दारू पिऊन डोळे लाल व्हायचे, तसेच व्हायचे. आता नुस्ता बसतो. बरं वाटतं. अन् बसायला लागल्यापासून माझ्यावर हात उचलल्याला आठवत न्हाई. सनाला बी न्हाई, बैल पडला तवा बी न्हाई. मी वाट बघून राहिले व्हते, कवा उचलतो म्हनून. मंग वाट बघायचं बी इसरले."

हे माझ्या घरात, माझ्या नाकासमोर झालं आणि मला दिसलं नाही! मी आपली उजेड परत कधी येतो म्हणून आभाळाकडे बघत होते.

आज हरिचंद इथे असते तर त्यांना दुसऱ्यांदा ताक दिलं असतं.

२७ मार्च १९३७, शनिवार

यंदा होळी आणि उत्तम शुक्रवार एकाच दिवशी आले. आमच्या तांड्यात होळी म्हणजे सगळ्या सणांचा बाप. गेरचा नाच, लेंगीची गाणी, आणि दारू — ती तर पाण्यासारखी. मला धास्ती होती. थावराला म्हटलं, घरात बस, नाही तर गाडी जुंपून वाशीमला जाऊ.

"घरात बसू? तांडा काय वाघ हाय का?"

गेला. काल संध्याकाळी गडीमाणसांत जाऊन बसला. गायला नाही, नाचला नाही, हसत मात्र होता. मग शंकरसिंगने आपल्या हाताने पेला पुढे केला. होळीला नायकाच्या हातचा पेला परत करणं म्हणजे नायकाचं पाणी उतरवणं. मी बायांमध्ये उभी राहून बघत होते.

थावराने पेला दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला, आणि परत दिला. "नायक, आज माझ्या देवाचं मरन हाय. मला सुतक. सुतकात कसा पिऊ?"

सुतक! हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं. मी नाही, हरिचंदांनी नाही. पण तांड्यातल्या लेकरालाही समजेल असं बोलला. शंकरसिंगने मान हलवली. "बराबर हाय. मंग सुतक कवा फिटतं?"

"आयतवारी. आयतवारी त्यो उठतो."

"मंग आयतवारी पी!"

"आयतवारी बी न्हाई," थावरा म्हणाला, आणि नायकासकट सगळे हसले.

आज पहाटे, आमच्या रीतीप्रमाणे, होळी पेटली. शंकरसिंगला चालवेना, तर थावरानेच त्याला पाठंगुळी घेऊन घरी पोचवला. रस्ताभर नायक लेंगी म्हणत होता. दारातून मी बघत होते. ना उजेड, ना थरथर. माझा भाऊ एका दारुड्याला पाठीवर घेऊन चालला होता, आणि मला सगळ्या जगाला हाक मारून सांगावंसं वाटत होतं, बघा, हा माझा भाऊ!

२८ मार्च, रविवार

हरिचंद आले. थावराने प्रभूची प्रार्थना अथपासून इतिपर्यंत म्हटली. आज्ञा नऊ आल्या, दहावीला भिकाबाईने मागून सांगितलं. हरिचंद म्हणाले, बाप्तिस्मा येत्या रविवारी, कयाधूवर. भिकाबाई म्हणाली, मला बी शिकवा. तिलाही एक वर्ष! ह्या वेळी मी भांडले नाही.

३० मार्च, मंगळवार

वसराम आला. आज त्याचा वार, त्याच्या दाराशी माणसं बसलेली, ती तशीच सोडून आला. आमच्या दारातच उभा राहिला. मग म्हणाला, "रूपा, माझ्या अंगात बी देवी येत न्हाई. लई वर्सं झाली. मी नुस्ता घुमतो. थावरानं उठून सांगितलं, मला आजवर जमलं न्हाई." खाली बसला. "काईच येत न्हाई तवा कसं बसायचं, त्ये मला दाव."

मी त्याच्यासाठी पोतं अंथरलं.