तीन नंबरपाशी चाळीस आकडे

मंगळवार, ११ मार्च

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझ्या वहिनीचा गुडघा कुरकुरतो, पण तिच्यापेक्षा कमीच. तुम्ही सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. दोन महिन्यांत तू येऊन सांगितलं नाहीस आणि मी विचारायला आलो नाही, तेव्हा धरून चालण्यावाचून इलाज काय?

तुझा निरोप काल पोचला. तुझ्या बायकोने माझ्या बायकोला सांगितला, माझ्या बायकोने तो मला जेवताना वाढला. दोन सख्खे भाऊ, घरं चार गल्ल्यांच्या अंतरावर, आणि टपाल चालतंय दोन जावांचं! निरोप असा की मी असतानाच बंद पडलेल्या तीन नंबरच्या धुलाई मशीनचं बेअरिंग आलं, सोमवारी तू मशीन चालू करणार, आणि दादाला विचारा, जाताना लिहून दिलेल्या वहीत तीन नंबरबद्दल काही राहिलंय का.

उत्तर देतो, पण माझ्या क्रमाने. तीस वर्षं त्या लाँड्रीत दुसऱ्यांच्या क्रमाने चाललो. पत्र तरी माझं असू दे.

आधी तुमच्या कंपनीच्या 'नव्या वाटे'ची हकिगत ऐक. आम्हा सात जणांना कामावरून कमी केलं आणि मग आमची दया येऊन तीन दिवसांचा वर्ग ठेवला. एका हॉटेलात. टेबलांवर पांढऱ्या चादरी. मी कोपरा उलटून पाहिला तर आपल्याच लाँड्रीची खूण! इस्त्री अशी की मेलेल्या माणसावरही घालू नये. आम्हाला घरी बसवून तीन आठवडे झाले नव्हते, तेवढ्यात ही कळा.

शिकवायला एक बाई होत्या. तुझ्या मुलीपेक्षा दोनेक वर्षांनी लहान, कपाळाला आठी पडायचीही सवय नाही. मला म्हणाल्या, "काका, पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे बघता?"

मी म्हटलं, "बाई, परवापर्यंत या खुर्चीवर. पुढचं तुम्हीच ठरवलंय ना?"

हसल्या. बहुतेक हसायचंही त्यांना शिकवलेलं असावं. मग रंगीत कार्डं वाटली. ज्याला जो रंग आवडेल तो त्याचा स्वभाव. मी तपकिरी उचललं, कारण ते हाताशी होतं. बाई म्हणाल्या, तुम्ही माणसांत रमणारे आहात, ग्राहकसेवेत चमकाल. बॉयलरवाल्याने निळं उचललं. त्या गृहस्थाने आजवर सख्ख्या सासऱ्यालाही धड उत्तर दिलेलं नाही, पण तोही ग्राहकसेवेत चमकणार. इस्त्रीवाल्या मावशींनी कार्ड न घेता पाणी मागितलं, तर त्याही ग्राहकसेवेत. सात माणसं, सहा रंग, धंदा एक. आता ग्राहक तेवढा कुठून तरी पैदा करायचा राहिला.

शेवटच्या दिवशी भेट म्हणून टॉवेलांचा जोड. हो, टॉवेल! ज्याने जन्मभर लोकांचे टॉवेल धुतले त्याला. वहिनीने ते फरशी पुसायला घेतलेत. पाणी शोषत नाहीत.

आणि तो घड्याळ्या आठवतो ना? कामाचा वेळ मोजायला आणलेला. कामाचा माणूस घामाच्या वासाने कळतो, हा अत्तराच्या वासाने कळायचा. चार दिवस बुटांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून माझ्यामागे फिरला. पाना कशाला म्हणतात ते त्याला ठाऊक नाही, पण पाना उचलायला मला किती सेकंद लागतात ते ठाऊक. त्याने कागदावर लिहिलं, "तीन नंबरचा कामगार प्रत्येक खेपेनंतर चाळीस सेकंद काहीही न करता उभा राहतो." साहेबांनी ते मला वाचून दाखवलं. लिफ्टमध्ये अडकले तर दार ठोठावायचं सोडून अर्ज लिहीत बसतील, असे हे साहेब. म्हणाले, "याबद्दल काही सांगायचंय का?"

मी म्हटलं, "दमतो."

ते म्हणाले, "समजू शकतो." आणि समजून माझं नाव यादीत टाकलं.

आता तू. शेवटच्या दिवशी किल्ल्यांचा जुडगा तू माझ्या हातून घेतलास आणि पावतीवर सही केलीस. पावती! मला! पाना डाव्या हाताने धरायचा की उजव्या, हे तुला कुणी दाखवलं रे? यादी तुला चार दिवस आधी कळली होती, हे मला बॉयलरवाल्याने सांगितलं. चार दिवस तू माझ्या शेजारी बसून डबा खाल्लास, माझ्या डब्यातलं घेतलंस, आणि तोंडातून अक्षर काढलं नाहीस. आपल्या घरात भित्रे पुष्कळ झाले, पण ते निदान जेवताना मान खाली घालायचे.

तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर: वही पूर्ण आहे. काही राहिलेलं नाही.

आपला,
एक माजी कर्मचारी


शुक्रवार, १४ मार्च

वरची सही खोडायला गेलो, पण राहू दिली. माणूस किती खालच्या पायरीला उतरतो ते तुझ्याजवळ लिहिलेलं असावं. हे पत्र तीन दिवस पाकिटात होतं, डिंक लावलेला नव्हता. वहिनीने दोनदा विचारलं, "देऊन येऊ का?" मी दोनदा म्हटलं, "अजून एक ओळ राहिलीय."

मधल्या काळात एक गोष्ट झाली. नळाच्या कारखान्यामागे ती यंत्रं शिकवणारी शाळा आहे ना, तिथे गेलो. तुझ्या वहिनीने ढकललं. म्हणाली, "दिवसभर माझ्या मिक्सरचा आवाज तपासत बसण्यापेक्षा जा." तिथल्या बाई, म्हणजे मुख्य बाई, पन्नाशीच्या. त्यांच्याकडे कार्डंबिर्डं काही नाही. त्यांनी एक बंद पडलेला पंप माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः स्टूल ओढून बसल्या. मी खोलला, बिघाड काढला, पुन्हा जोडला. त्या म्हणाल्या, "आता हेच मला शिकवा. मला काही येत नाही असं समजा."

धाकट्या, दीड तास गेला. मी बोलतोय, त्या विचारतायत, त्यांच्या हाताला ग्रीस, माझ्या हाताला ग्रीस. सातवीत शाळा सोडलेला माणूस मी. जे आलं ते मशीनं खोलून आणि लोकांच्या शिव्या खाऊन आलं. ते कुणाला शिकवण्यालायक आहे, हे मला साठाव्या वर्षी कळलं. कामावरून काढल्यापासून पहिल्यांदा घड्याळाकडे बघायचं विसरलो.

मग त्यांनी विचारलं, "जुन्या कामावर हाताखालच्या माणसांना सगळं शिकवून निघालात ना?"

"हो," म्हटलं.

"छान. तिथल्या साहेबांचं एक पत्र आणा, चांगलं काम केल्याचं. पुढच्या महिन्यात वर्ग सुरू करू."

घरी आलो आणि पाकिटातून हे पत्र पुन्हा बाहेर काढलं.

तीन नंबरबद्दल राहिलंय. मुद्दाम ठेवलंय. शेवटच्या दिवशी किल्ल्या दिल्यावर वही पुरी करताना त्या पानापाशी आलो, तुझी सही आठवली, आणि पान उलटलं. म्हटलं, घ्या पावती, चालवा मशीन. इतकं लिहिलं तरी माझा चेहरा अजून बरा दिसतो, नाही? भाऊ रागावला, रागात चूक केली. रागावलेल्या माणसाला लोक माफ करतात.

पण राग दोन महिन्यांचा आहे आणि ही गोष्ट सहा वर्षांची.

सहा वर्षांपूर्वी तीन नंबरचा वेग पाहणारा स्विच जळला. तुला माहीतच आहे, ड्रम पुरता थांबल्याशिवाय दाराचं कुलूप सुटू नये म्हणून तो असतो. नवा यायला महिना लागणार होता. साहेब डोक्यावर बसलेले, दवाखान्याची ब्लँकेटं गोदामात कुजतायत, आणि मी असा शहाणा की आजवर एकाही मशीनने मला हरवलं नाही असं सगळ्यांना सांगत फिरायचो. डाव्या बाजूचा पत्रा काढला, लाल वायरचा तुकडा दोन स्क्रूंमध्ये बसवला, स्विचला बाजूला काढलं. तेव्हापासून ते कुलूप वेळ झाली की सुटतं, ड्रम थांबला की नाही ते बघत नाही. चादरी असल्या तर फरक पडत नाही. ओली ब्लँकेटं असली की हिरवा दिवा लागतो, दार उघडतं आणि आत ड्रम अजून फिरत असतो. त्यात हात गेला तर खांद्यापर्यंत जाईल.

महिन्याने नवा स्विच आला. तोवर सगळे म्हणत होते, दादाने एका तासात मशीन उभं केलं. मग वायर घातलीय हे कुठल्या तोंडाने सांगू? स्विच कपाटात ठेवला. उद्या बसवीन, परवा बसवीन. आणि दिवा लागला की चाळीस आकडे मोजायचे, मग दार उघडायचं.

तू एकदा विचारलं होतंस, "दादा, तीन नंबरपाशी काय करतोस रे?" मी म्हटलं होतं, "वय मोजतो." तू हसला होतास.

माझ्या रजेच्या दिवशी तीन नंबर बंद असायचं, आठवतं? "तापलंय, हात लावू नका," असं सांगून जायचो. तुझ्या मुलीच्या लग्नादिवशी दवाखान्याचं काम आलं आणि साहेब ऐकेनात, म्हणून दोन तासांत मांडवातून उठलो. तू अजून बोलून दाखवतोस, "दादाला पुतणीपेक्षा चादरी प्याऱ्या." मी ऐकून घेतलं, कारण खरं सांगण्यापेक्षा ते ऐकणं सोपं होतं.

घड्याळ्याला सांगितलं असतं की मी का उभा असतो, तर कदाचित नोकरी राहिली असती. निदान चर्चा झाली असती. पण वायर सांगावी लागली असती. मी "दमतो" म्हणालो. दिसलं ते त्याने बरोबर लिहिलं. चार दिवसांत त्याला जेवढं दिसलं, तेवढं तुझा तो एक प्रश्न सोडला तर तीस वर्षं माझ्या आसपास वावरणाऱ्या कुणाला दिसलं नाही. मंगळवारी त्याच्या बुटांना हसलो ते परत घेत नाही, बूट हास्यास्पदच होते. पण सहा वर्षं एका वायरच्या तुकड्यावर आपली अब्रू टांगून ठेवणारा माणूस त्या बुटांपेक्षा जास्त हास्यास्पद.

आणि तुला भित्रा म्हटलं! तू चार दिवस गप्प बसलास. मी सहा वर्षं.

म्हणून आता नीट वाच. सोमवारी मशीनची मुख्य वीज बंद कर, त्या पेटीला कुलूप लाव आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेव. डावा पत्रा काढ, लाल वायर काप. नवा स्विच माझ्या जुन्या कपाटात खालच्या फळीवर, बिस्किटांच्या डब्यात आहे. तो वीजतंत्र्याकडून बसवून घे, तू बसवू नकोस, तुला येत नाही. तो चालतोय हे ओल्या ब्लँकेटांवर तपासल्याशिवाय दाराजवळ कुणाला उभं करू नकोस.

सोबत वेगळं पान आहे. त्यात फक्त वायरची हकिगत लिहिलीय, खाली माझं पूर्ण नाव आणि सही. ते साहेबांना दे. घरातलं घरात ठेवू म्हणून लपवू नकोस, लपवायचं काम मी करून झालंय. चांगल्या कामाचं पत्र आता मिळणार नाही, ते कळतं. मुख्य बाईंना मी उद्या जाऊन स्वतः सांगणार आहे. पंप पुन्हा पुढे ठेवतील की दार दाखवतील, ते त्यांचं. सगळं शिकवलं असं खोटं सांगून शिकवायला उभं राहणं मला जमायचं नाही. तेवढा निर्लज्ज मी फक्त मंगळवारपर्यंत होतो.

हे पत्र वहिनी उद्या तुझ्याच हातात देईल, तुझ्या बायकोच्या नाही. तू वाचून संपवेपर्यंत तिथून हलायचं नाही, असं तिला सांगितलंय. गुडघा दुखतोय, खुर्ची दे.

सोमवारी दुपारच्या सुट्टीत मी लाँड्रीच्या फाटकाबाहेर उभा असेन. आत सोडणार नाहीत, सोडूही नयेत. माझ्याशी बोलायचं नसलं तर बोलू नकोस. फक्त फाटकापर्यंत ये, दोन्ही हात वर करून दाखव, आणि परत जा.

मी मोजत उभा राहीन.

तुझा दादा