उजव्या बाजूचा ठोकळा

वुस्टर, ७ फेब्रुवारी २०२५

प्रिय बाबा,

आधी काय घडलं ते क्रमाने लिहिते.

१. सोमवारी जुन्या काळच्या एबल थॉर्नने बनवलेलं महोगनीचं लिहिण्याचं टेबल आमच्या कार्यशाळेत आलं. हो, तेच.
२. त्याचे मालक वारले. मुलांना ते लिलावात विकायचं आहे.
३. लिलावाच्या यादीच्या मसुद्यात लिहिलंय : ‘माथा आणि डावी बाजू अस्सल, अंदाजे १७७०. उजवी बाजू बनावट.’ हे तपासून अहवाल द्यायचं काम माझ्याकडे आलं.
४. बुधवारी दुपारी मी उजव्या बाजूच्या तळातला मागचा ठोकळा काढला.
५. सहा वर्षं माझी समजूत चुकीची होती.

पाचवा मुद्दा अहवालात बसत नाही, म्हणून हे पत्र. मावेस आत्याच्या ख्रिसमस कार्डावरून तुझी खुशाली कळते. क्रोमरची हवा तुझ्या गुडघ्याला मानवलेली नाही आणि तिचा कुत्रा तुझी खुर्ची सोडत नाही, इतपत. माझं ठीक चाललंय. गेल्या वर्षापासून अहवालांवर माझी एकटीची सही चालते. आमच्या प्रमुख विन पार्जिटर साठीच्या पुढच्या आहेत. भल्याभल्यांची बिनपाण्याने करतात. पण मला लाकडातलं कळतं, असं परवा पाहुण्यांसमोर म्हणाल्या. तुझ्या हाताखाली मी काय शिकले ते त्यांना बुधवारपर्यंत ठाऊक नव्हतं. इथे मी आईचं आडनाव लावते.

टेबलाविषयी सांगते. डावी बाजू, म्हणजे माथ्याखालचं डावीकडचं खणांचं कपाट, थॉर्नच्या कार्यशाळेचीच आहे, त्यात मला शंका नाही. खणांच्या बाजूंचं ओक चिठ्ठीच्या कागदाइतकं पातळ वाटावं असं रंधा मारून तासलेलं, कोपऱ्यांचे सांधे पक्ष्याच्या शेपटीसारखे एकमेकांत गुंतवलेले, दोन शेपट्यांमधली जागा इतकी निमुळती की टोकाशी जेमतेम करवतीचं पातं जावं. स्क्रूंच्या खाचा हाताने कापलेल्या, म्हणून मधोमध नाहीत. अडीचशे वर्षं ओढून ओढून खणांच्या कडा खालून झिजल्यात, पुढे कमी, मागे जास्त.

उजवी बाजू तितकीच सुबक आहे, पण कडांची झीज वीसेक वर्षांचीच. मी खण बाहेर काढून उलटे केले. मागच्या बाजूला कोरलेले आकडे दिसले आणि मी ते पुन्हा वाचले. पहिला खण सगळ्यांत खाली, चौथा सगळ्यांत वर. सगळा देश खण वरून मोजतो. खालून मोजणारा माणूस मी एकच पाहिलाय. घर पायापासून बांधतात, मग कपाट डोक्यापासून कसं मोजायचं, असं तू प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला ऐकवायचास आणि आई मागून म्हणायची, “झालं यांचं प्रवचन सुरू.”

ती बाजू तुझी आहे हे मला आधीही माहीत होतं. साऱ्या ब्रिजनॉर्थला माहीत होतं. सहा वर्षांपूर्वी कुणा जाणकाराने ती नवी असल्याचं ओळखलं, तेव्हा क्रॉस्लीने हात झटकले. तुला काम देणारा तोच आणि टेबल विकणाराही तोच, तरी म्हणाला, “मी साधा व्यापारी, ट्रँटरने मला सगळं जुनंच म्हणून दिलं.” तू जुन्या चर्चच्या बाकांचं ओक वापरलं होतंस, तेही तुझ्यावर उलटलं. फसवायचं नव्हतं तर जुनं लाकूड कशाला, असं लोक विचारायचे. याचं उत्तर मला तेव्हाही येत होतं. नवं ओक वाळताना आकसतं, शेजारच्या जुन्या सांध्यांना ताण देतं. अशा कामाला मुरलेलंच लाकूड घ्यावं लागतं. मी ते कुणालाही सांगितलं नाही. फर्निचरच्या अभ्यासक्रमाचं माझं शेवटचं वर्ष होतं, वर्गात तुझ्या टेबलाची चर्चा चालायची आणि मी वहीत मान घालून बसायचे.

तू एकदाच फोन केलास. म्हणालास, “हेस्टर, त्यांना म्हणावं, उजवीकडचा मागचा ठोकळा काढून बघा.” मी म्हणाले, “बाबा, आता पुरे.” तू बरं म्हणालास आणि आत्याच्या पावट्याच्या वेलांविषयी काहीतरी बोललास. मालकांना मी विचारूही शकले असते. विचारलं नाही. पुढच्या महिन्यात प्रमाणपत्रासाठी नाव बदलायचा अर्ज दिला.

बुधवारी विन शेजारी उभ्या होत्या. वाफेवर सरस मऊ केला, पटाशी हलकेच सारली आणि ठोकळा हातात आला. खाली खळगा होता. त्यात २००३ सालची पेनी आणि तिच्याभोवती पेन्सिलीने लिहिलेलं : ‘ही बाजू नवी आहे. जुनी पुरात कुजली. जी. ट्रँटर, २००३.’ अक्षर तुझं नव्हतं. तीनचा आकडा उलटा काढलेला होता.

विन चष्मा वर सरकवत म्हणाल्या, “अगं, फसवणारा माणूस कधी पावती ठेवून जातो का? आणि हे लिहिलंय कुणी, नातवंडाने?” मी म्हणाले, “मुलीने.” त्यांनी माझ्या हातातली पटाशी काढून बाजूला ठेवली. मग म्हणाल्या, “मी चहा टाकते. दोन चमचे साखर घालून. नाही म्हणू नकोस.”

मला ते तिथेच आठवलं. मी आठ वर्षांची होते. तुझे हात सरसाने माखले होते म्हणून पेन्सिल माझ्याकडे दिलीस आणि एकेक शब्द सांगितलास. पेनीही मीच टाकली. मी विचारलं, “कुणाला दिसणारच नाही, मग लिहायचं कशाला?” तू म्हणालास, “ज्याला खरंच बघायचंय तो उघडेल.” फोनवर तू मला आठवण करून देत होतास. साक्षीदार मी आहे, हे मात्र तेव्हाही बोलला नाहीस.

अहवाल लिहून झालाय. ‘बनावट’ शब्द काढला आहे. त्या जागी : ‘उजवी बाजू पुराने नष्ट झाल्यावर २००३ साली नव्याने बनवलेली, कारागिराने तशी नोंद आत करून ठेवलेली.’ फोटो जोडलेत, साक्षीदार म्हणून विननीही सही केली आहे. लिलाववाले कुरकुरतील, पण यातला एक शब्दही हलणार नाही, याची मला खात्री आहे. दोन रकाने तेवढे मोकळे आहेत. कारागिराचं नाव छापायला तुझी परवानगी हवी. न विचारता तुझं नाव एकदा चव्हाट्यावर आलंच आहे. दुसरा रकाना तपासणाऱ्याच्या सहीचा. तिथे मला हेस्टर ट्रँटर लिहायचं आहे. ते नाव मी स्वतः काढून टाकलं होतं, त्यामुळे परत लावायचं तर तुला विचारूनच. यादी शुक्रवारी छापायला जाते. दोन्हींचं उत्तर गुरुवारी, १३ फेब्रुवारीला, दुपारी बारापर्यंत कळव.

तुझीच,
हेस्टर