गुरुवारची सही

जयनगर, बेंगळुरू
बुधवार, १२ नोव्हेंबर २०२५

प्रिय सुखदाताई,

नमस्कार. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? आम्ही इकडे तसे बरे आहोत. मुकुलला या आठवड्यात रोज ऑफिसला जावं लागतंय. अद्वैतला सहामाहीत चांगले मार्क पडले, कन्नडात तेवढे कमी. चौथीत आल्यापासून त्याला अभ्यासाला बस म्हणावं लागत नाही.

फोन सोडून पत्र का, असं तुला वाटेल. रविवारी फोनवर मी तुझ्याशी खोटं बोलले. पुन्हा फोन केला तर पुन्हा तेच बोलेन, अशी भीती वाटते.

माझं शाळेतलं काम तुला ठाऊक आहे. वर्गांतले स्मार्ट बोर्ड, वायफाय आणि मुलांचे टॅब मी सांभाळते. टॅबची दोन लोखंडी कपाटं आहेत, एक लहान वर्गांचं, एक तिसरी ते पाचवीचं. टॅब त्यातच चार्ज होतात. ते मोजून आत ठेवायचे, वायरी जोडायच्या, बटण लावायचं, हे काम कौशल्याक्काचं. ती आनेकलहून बसने येते. तिच्या घरचे चार पिढ्यांपूर्वी इकडे आले, त्यामुळे तिचं मराठी निम्मं कन्नड. तरी पहिल्या दिवशी ते ऐकून मला भरून आलं होतं. दोन वर्षं आम्ही डबा एकत्र खातो.

शुक्रवारी दुसरीच्या वर्गात सिद्धी नावाच्या मुलीच्या हातातला टॅब पेटला. आधी फुस्स असा आवाज, मग पांढरा धूर. तिने तो टाकला, पण तीन बोटं आणि तळवा भाजलाच. कौशल्याक्काने वाळूची बादली त्यावर ओतली आणि मुलांना बाहेर काढलं. मी दारात उभी होते. ताई, माझे पाय हलले नाहीत.

इथपर्यंत तुला सांगितलं होतं. पुढे मी म्हणाले की बाईने चार्जिंग रात्रभर चालू ठेवलं, तिचा निष्काळजीपणा, तिला कामावरून काढलं. शनिवारच्या मीटिंगमध्ये तसंच ठरलं होतं. मुख्याध्यापिका श्यामला मॅडमनी विचारलं, रोजची तपासणी झाली होती ना? मी रजिस्टर पुढे केलं. गुरुवारच्या तारखेसमोर माझ्या अक्षरात लिहिलंय, 'सर्व टॅब तपासले, ठीक.' खाली माझी सही. मॅडम म्हणाल्या, मग चूक चार्जिंगचीच. मी मान हलवली. कौशल्याक्का भिंतीपाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पण बोलली नाही.

खरं असं आहे की गुरुवारी शाळा सुटल्यावर ती तोच टॅब घेऊन माझ्या टेबलापाशी आली होती. "अक्का, हे स्वल्प बघा. पोट आलंय याला. गरम पण लागतंय."

मी पाहिलं. काच एका बाजूने उचलली गेली होती. बॅटरी फुगली की टॅब लगेच बाजूला काढायचा, हे मला शिकवलेलं आहे. पण दुसऱ्या दिवशी संस्थेचे लोक पाहणीला येणार होते. प्रत्येक मुलाच्या हातात टॅब दिसला पाहिजे, असं मॅडमनी बजावलं होतं, आणि जादाचा एकही नव्हता. मी म्हणाले, "उद्याचा दिवस जाऊ दे, मग काढू."

"सरी अक्का," असं होकारून तिने तो परत ठेवला. आणि मी 'ठीक' लिहिलं.

तेव्हापासून गेटवर कुणाचेही आईवडील दिसले की मी मागच्या जिन्याने वर जाते.

आता लिहिते ते मुकुललाही माहीत नाही. सोमवारी ऑटोतून शाळेत जाताना मी अद्वैतला म्हणाले, आज टॅबचा तास आहे ना, पोट दुखतंय म्हणून सांग, टॅब हातात घेऊ नकोस. तो म्हणाला, "शार्दूलला पण सांगू?" शार्दूल त्याच्या बाकावरचा मुलगा.

मी म्हणाले, "तू तुझं बघ."

ताई, हे मी म्हणाले. माझ्या तोंडून हे आलं.

शाळेत पोचल्यावर वायफाय बंद आहे असं सांगून मी तो तास रद्द केला आणि मोठ्या मुलांचं कपाट उघडलं. लहान वर्गांचं शुक्रवारपासून कुलपात होतं. एकेक टॅब टेबलावर पालथा ठेवून बोटाने ढकलायचा. सपाट असेल तर सरकतो, पोट आलेलं असेल तर गरकन फिरतो. दर वेळी वाटायचं, न जाणो हातातच पेटायचा. अडतीसपैकी पाच फिरले. पण सगळ्यात आधी मी अद्वैतचा नंबर शोधून काढला होता. त्याचा सपाट निघाला, आणि मला हायसं वाटलं. बाकीचे तपासायचे होते अजून, तरी वाटलं.

ते पाच मी मैदानाच्या कोपऱ्यात वाळूत ठेवले. काल सकाळी श्यामला मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं. म्हणाल्या, "पाच टॅब शोधलेत, हे उत्तम केलंत. गुरुवारचं कशाला काढता? त्या बाईंना मी दुसरीकडे काम बघून देईन."

दोन मिनिटं मला ते पटलं होतं. मग मी कागद मागून घेतला आणि कौशल्याक्काने काय दाखवलं, मी काय म्हणाले, कशावर सही केली, ते तारखेसह लिहून दिलं. एक प्रत सिद्धीच्या घरी नेली. तिच्या वडिलांनी उभ्याउभ्याच वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि पोलिसात देणार म्हणून सांगितलं. आवाज चढवला नाही. आत सिद्धी हात उशीवर ठेवून कार्टून बघत होती.

तिथून बसने आनेकलला गेले. कौशल्याक्का अंगणात नाचणी पाखडत होती. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. ती सूप खाली न ठेवता म्हणाली, "याल असं वाटलं होतं. पण चार दिवस लावले, अक्का."

मीटिंगमध्ये ती का बोलली नाही, असं मी विचारलं.

"तुमची सही खोटी नि माझं बोलणं खरं, असं कोण म्हणणार होतं?"

तिने पाणी दिलं. बस येईपर्यंत बसू दिलं.

आज तिला कामावर परत बोलावलंय. सगळे टॅब बंद करून ठेवलेत. मला चौकशी होईपर्यंत घरी बसायला सांगितलंय आणि उद्या अकरा वाजता पोलिस ठाण्यात जायचंय. मुकुल आला की त्याला सांगेन. काय बोलेल, ठाऊक नाही. खरं सांगितलं की भीती जाते म्हणतात. माझी गेली नाही, उलट वाढलीच आहे. तरी रजिस्टर परत हातात आलं, तर या वेळी मी खोटं 'ठीक' लिहिणार नाही, एवढं नक्की.

वेळ आलीच तर अद्वैतला थोडे दिवस तुझ्याकडे ठेवून घेशील का? त्याला शार्दूलबद्दल मी काय म्हणाले ते आठवत असेल. कधी विचारलंच त्याने, तर आई चुकली म्हणून सांग.

तुझी, फार भ्यालेली,
कस्तुरी